कोपऱ्यातल्या भोंग्याचं परमिट

बुधवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, स्मृति नगरात राहणारे निवृत्त अधिकारी श्री. विजयकुमार दंदे यांच्या संगणकाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून आवाजाचं चिन्ह नाहीसं झाल्याचं आढळून आलं. घड्याळ जागेवर होतं. तारीख जागेवर होती. वाय-फायच्या रेघाही होत्या. त्यांच्या शेजारी जो एवढासा भोंगा असायचा, तो मात्र नव्हता. दंदेसाहेबांनी चष्मा पुसला, पडदा पुसला, पुन्हा चष्मा पुसला, आणि मग डायरी उघडून वेळ लिहिली.

दंदेसाहेब पोलादाच्या प्लांटमध्ये छत्तीस वर्षं मेंटेनन्सला होते, त्यातली एकवीस वर्षं रोलिंग मिलमध्ये. ते निवृत्त झाल्याला सात वर्षं झाली होती, पण ही गोष्ट फक्त प्लांटला ठाऊक होती. घरात गॅसचं सिलिंडर बदलायचं तर ते आधी शटडाउन घेत. माळ्यावरची परात काढायला हेल्मेट घालून चढत. मिलने त्यांना शिस्त दिली आणि त्याबदल्यात डावा कान घेतला. डाव्या बाजूने कोणी काही बोललं की ते नुसती मान हलवत, आणि ती हलणारी मान म्हणजे होकार असं धरून त्यांच्या पत्नी कलावतीबाईंनी आजवर बरीच कामं मार्गी लावली होती.

“अवो, काय झालं? असे कावून बसले?” कलावतीबाईंनी उजव्या बाजूने येऊन विचारलं.

“साउंडचं इंडिकेशन गेलं.”

“मंग काय झालं? आवाज तर येऊन राहिला. आत्ताच टुंग वाजलं नं ते. मी पोळ्या करता करता ऐकलं.”

“इंडिकेशन नसताना वाजलं?” दंदेसाहेबांचा चेहरा अधिकच गंभीर झाला. “मंग तर हे जास्त डेंजर आहे.”

ज्या यंत्राचं इंडिकेशन गेलं, ते यंत्र चालवायचं नाही, हा प्लांटमधला नियम. दंदेसाहेबांनी तो शेकडो माणसांना शिकवला होता. दिवा लागलेला नाही म्हणून पट्टा बंद असेल असं समजून कोणी हात घालतो, आणि मग तो हात परत येत नाही. या नियमाने पुष्कळांची बोटं शाबूत ठेवली, हे खरंच आहे, तेव्हा त्याची थट्टा फार करू नये. एवढंच की त्या नियमाला संगणक कशाला म्हणतात ते कोणी सांगितलेलं नव्हतं. दंदेसाहेबांनी संगणक बंद केला, कपाटातून लाल पुठ्ठ्याची पाटी काढली आणि पडद्याच्या मानेला सुतळीने बांधली. पाटीवर लिहिलं होतं: ‘चालवू नये. काम चालू आहे.’

काम अजून सुरू व्हायचं होतं, पण पाटी खोटं बोलत नाही अशी त्यांची श्रद्धा होती.

कलावतीबाईंनी पाटी वाचली आणि भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. रविवारी अकरा वाजता त्यांच्या नातीचं, प्रांजलीचं भाषण होतं. प्रांजली दहा वर्षांची, पुण्याला आईबापाजवळ राहणारी. शाळेच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेत ती शेवटच्या फेरीत पोचली होती. शाळा घरच्यांसाठी एक लिंक पाठवणार होती. ज्याला पाहायचं त्याने त्या वेळेला पाहायचं. रेकॉर्डिंग करायला शाळेची सक्त मनाई होती. एकदा झालं की संपलं. आणि कलावतीबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मोबाइलच्या पडद्यावर त्यांना नात म्हणजे एक हलणारा ठिपका दिसे. मोठा पडदा घरात एकच होता, आणि त्याच्या गळ्यात आता पाटी होती.

“रविवारी पोरीचं भाषण आहे, ध्यानात आहे नं?” त्या म्हणाल्या.

“रविवार दूर आहे. त्याच्या आत होऊन जाईन.”

“तुम्ही ते ऐकलंच पाहिजे. विषय काय आहे ते मी सांगणार नाही. तिनं मले शपथ घातली.”

“ऐकीन नं बापा. त्याच्यासाठीच तर सगळं करून राहिलो.”

हे मात्र अगदी मनापासून होतं. नातीवर त्यांचा फार जीव. रोज संध्याकाळी पुण्याहून फोन आला की आधी ते मुलाशी, पीयूषशी बोलत, तेव्हा फोन सवयीने डाव्या कानाला असे आणि पीयूषला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागे. “आजोबा!” अशी हाक आली की फोन आपोआप उजव्या कानाला जाई. आपण असं करतो हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी पीयूषला बिघाडाची रीतसर सूचना देण्यात आली.

“बाबा, यार, सिंपल आहे,” तो म्हणाला. “नीचे जो पट्टी है नं, त्याच्यावर राइट क्लिक करा. सेटिंग में जाओ, साउंडवालं आयकॉन ऑन कर दो. दो मिनट का काम है.”

“दोन मिनिटांत केलेल्या कामाचं काय होते, मी पाहिलं आहे. लिहून पाठव.”

पीयूषने लिहून पाठवलं. चार ओळी आणि शेवटी एक अंगठा. पंधरा मिनिटांत ते शेऱ्यासह परत गेलं: कार्यपद्धतीला क्रमांक नाही, तारीख नाही, संभाव्य धोक्यांचा उल्लेख नाही, आणि शेवटचा अंगठा कोणाचा ते स्पष्ट करावं.

पीयूषचा पुन्हा फोन आला. “बाबा, वो छोड़ो. आधी काही प्ले करून तर पाहा. आवाज येतच असेल.”

“लाल पाटीचा टॅग लावला आहे.”

“किसने लगाया?”

“मी.”

“तो निकाल दो नं!”

“काम झाल्याशिवाय टॅग निघत नाही.”

“और टॅग निकाले बिना काम कैसे होगा?”

“त्याच्यासाठी परमिट लागते,” दंदेसाहेब शांतपणे म्हणाले. आपला मुलगा सॉफ्टवेअरमध्ये का गेला, हे त्यांना त्या क्षणी पुन्हा एकदा समजलं.

गुरुवारी समिती बसली. समिती म्हणजे दंदेसाहेबांचे तीन जुने सहकारी. तिघेही निवृत्त, तिघांचाही वेळ जाता जात नव्हता, आणि बिघाड म्हटल्याबरोबर तिघांच्याही चालीत दहा वर्षांपूर्वीचा जोर आला. सेक्टर 10 मधून दिवाकर उमाळे आले, ते इलेक्ट्रिकलचे. सेक्टर 2 मधून धम्मपाल रंगारी आले, ते इन्स्ट्रुमेंटेशनचे. आणि दोन गल्ल्या सोडून राहणारे भय्याजी तरोळे आले. ते सेफ्टीचे होते आणि लाल पाट्यांचा सगळा साठा त्यांच्याकडेच होता.

काम कोणाच्या खात्याचं, हा पहिला प्रश्न. तो चहाच्या आधीच निघाला.

“आवाज कशानं येते? करंटनं,” उमाळे म्हणाले. “मंग हे इलेक्ट्रिकल झालं.”

“आवाज तुमचा, मान्य,” रंगारी म्हणाले. “पण आवाज कुठं गेला? गेलं ते चिन्ह. दाखवायचं काम आमचं. मीटर आमचे, काटे आमचे, चिन्ह बी आमचंच.”

“अन् चिन्हावर दाबलं का आवाज वाढते, ते कोणाचं?”

शेवटी ती सीमारेषा संयुक्त जबाबदारीची ठरवण्यात आली आणि संयुक्त पाहणी करायचं ठरलं. संगणकाला पाटी असल्याने तो सुरू करता येत नव्हता. म्हणून चौघांनी बंद पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर टॉर्च मारला आणि जागेची पाहणी केली. तिथे थोडी धूळ आढळली. तशी नोंद झाली.

“भाऊजी, तो चालू करून एक गाणं लावून पाहा नं,” चहा आणताना कलावतीबाई म्हणाल्या. “बुधवारी वाजलं होतं, मी ऐकलं.”

भय्याजींनी आदराने कप घेतला. “वहिनी, तुम्ही ऐकलं असन, नाही म्हणत नाही. पण ते कुठं नोंदलं आहे काय?”

चाळीस वर्षं प्लांटच्या माणसाबरोबर संसार केलेल्या बाईला, कुठे बोलून उपयोग नाही, हे बरोबर कळतं. कलावतीबाई रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

शुक्रवारी मूळ कारणाचा शोध झाला. प्लांटमध्ये याची एक पद्धत आहे. बिघाडाबद्दल पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाचव्या उत्तरात कारण सापडतं. भय्याजींनी याचे पुष्कळ वर्ग घेतले होते.

“चिन्ह दिसत नाही. कावून?”

“त्या जागेवर नाही म्हणून,” रंगारी म्हणाले.

“जागेवर कावून नाही?”

“कोणीतरी बंद केलं असन. स्वतःहून जात नाही ते.”

“कोणी बंद कावून करन?”

“साफसफाई करताना,” उमाळे म्हणाले. “नाही का आपल्याकडं ते पाच-एस चालायचं? जे लागत नाही ते हटवा. मोहीम निघाली का लोक लागणारं बी हटवून टाकत.”

“साफसफाई कोणी अन् कवा केली? पाहा जी दंदेसाहेब, डायरीत काही आहे काय.”

दंदेसाहेबांनी डायरीचं पान मागे उलटलं. त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईने, खाली रेघ मारून लिहिलेलं होतं: ‘मंगळवार, दुपारी चार. संगणकावर पाच-एस राबवले. उजव्या खालच्या कोपऱ्यातील अनावश्यक चिन्हे हटवली. परिसर स्वच्छ.’

त्यांनी ते मोठ्याने वाचलं, कारण नोंद लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वाचून झाल्यावर त्यांचे दोन्ही कान सारखेच लाल झाले होते. पाचवा ‘कावून’ कोणी विचारला नाही. उमाळे पंख्याकडे बघू लागले. रंगारींनी बिस्किटाचा पुडा उघडला. भय्याजींनी बराच वेळ घेऊन अहवालात वाक्य लिहिलं: ‘मागील शिफ्टमधील कामाचा परिणाम.’

“नाव नको लिहू,” उमाळे हळूच म्हणाले.

“मागच्या शिफ्टले नाव नसते,” भय्याजी म्हणाले.

दंदेसाहेबांना आता सगळं आठवलं होतं. कुठे दाबलं, कुठली खिडकी उघडली, कुठलं बटण डावीकडे सरकवलं, सगळं. तेच बटण उजवीकडे सरकवायचं. त्यांचे हात शिवशिवत होते. आत्ता उठावं, पाटी काढावी आणि सरकवून टाकावं, असं त्यांना फार वाटलं. पण ज्याच्या हातून बिघाड झाला, त्यानेच देखरेखीशिवाय दुरुस्ती करणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं. तसं करणाऱ्या एका फोरमनला त्यांनी स्वतःच एकदा लेखी समज दिली होती. ते खुर्चीतच बसून राहिले.

शनिवारी परमिट तयार झालं. रविवार, सकाळी दहा ते दहा पन्नास. भाषणाच्या आधी दहा मिनिटं हाताशी राहतील अशी काळजी घेतलेली होती. फॉर्मच्या तीन प्रती होत्या आणि तीन सह्या होत्या: मशीन ज्याच्या ताब्यात आहे त्याची, काम करणाऱ्याची आणि सेफ्टीची. भय्याजींनी पेन मधेच थांबवलं.

“दंदेसाहेब, मशीन तुमच्या ताब्यात. काम बी तुमच्याच देखरेखीत. दोन्ही सह्या एका माणसाच्या चालत नाहीत. मशीन सोपवणारा वेगळा पाहिजे.”

घरात वेगळं माणूस एकच होतं. कलावतीबाईंना स्वयंपाकघरातून बोलावण्यात आलं आणि ‘मशीनचे धारक’ या रकान्यात त्यांचं नाव घालण्यात आलं. त्यांनी ओले हात पदराला पुसले, फॉर्म लांब धरला, जवळ धरला, आणि नवऱ्याकडून सगळा वाचून घेतला. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या अटीसुद्धा वाचायला लावल्या.

“म्हणजे हे कॉम्प्युटर आता माहं झालं?”

“कागदावर फक्त,” दंदेसाहेब म्हणाले.

“तुमच्याकडं कागदाशिवाय दुसरं काय असते?” असं म्हणून त्यांनी सही केली आणि आपली प्रत देवघरात नेऊन ठेवली.

रविवारी साडेनऊलाच समिती हजर झाली. भय्याजींनी संगणकाच्या टेबलाभोवती पिवळी-काळी पट्टी लावली. त्यामुळे सोफ्यावर जायला न्हाणीघराकडून वळसा पडू लागला. उमाळे टेस्टर घेऊन आले होते. पोहे झाले. मग कामापूर्वीची सुरक्षा-सूचना झाली. ती भय्याजींनी उभं राहून दिली आणि बाकीच्यांनी उभं राहून ऐकली. कलावतीबाई जांभळी नवी साडी नेसून दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती.

दहा वाजून दहा मिनिटांनी परमिटातल्या पहिल्या कलमानुसार विद्युतपुरवठा तोडण्यात आला. उमाळ्यांनी प्लग काढला, टेस्टर लावून खात्री केली आणि सॉकेटला दुसरी पाटी बांधली. मग रंगारी खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि माऊसवर हात ठेवला. पडदा अर्थातच काळा होता.

“हे चालू झाल्याबिगर मी चिन्ह कुठून आणू?” रंगारींनी विचारलं.

“चालू अवस्थेत काम करायचं परमिट वेगळं असते,” भय्याजी म्हणाले. “ट्रायलचा फॉर्म लागन.”

“मंग भरा नं.”

“फॉर्म घरी राहिला.”

भय्याजी फॉर्म आणायला गेले. येताना त्यांना वाटेत कोणीतरी भेटलं, कारण सेफ्टीच्या माणसाला वाटेत कोणीतरी भेटतंच. ते आले तेव्हा दहा एकेचाळीस झाले होते. फॉर्मवर पुरवठा पुन्हा जोडण्याचा अधिकार कोणाचा, यावर उमाळे आणि रंगारी यांच्यात मतभेद झाले. ते मिटले तेव्हा कार्बन पेपर उलटा लागल्याचं लक्षात आलं. दंदेसाहेब एकदा घड्याळाकडे, एकदा बायकोकडे बघत होते. नातीचं भाषण आपल्यामुळे हुकणार, हे त्यांना आता स्वच्छ दिसत होतं, आणि तरीही त्या पिवळ्या पट्टीच्या आत हात घालायला त्यांची छाती होत नव्हती.

दहा वाजून त्रेपन्न मिनिटांनी कलावतीबाई खुर्चीवरून उठल्या. देवघरात जाऊन आपली प्रत घेऊन आल्या.

“भय्याजी, हे मशीन कोणाच्या ताब्यात आहे?”

“तुमच्या.”

“परमिट किती वाजेपर्यंत होतं?”

“दहा पन्नास.”

“आता किती झाले?”

भय्याजींनी घड्याळ पाहिलं. मग फॉर्मची मागची बाजू पाहिली. माणूस कटकट्या असला तरी प्रामाणिक होता. “बरोबर आहे,” ते म्हणाले. “मुदत संपली. मशीन धारकाले परत द्या लागते. लिहिलंच आहे इथं.”

“मंग सरका बाजूले.”

पट्टी कात्रीने कापली गेली. सॉकेटवरची पाटी निघाली, पडद्याच्या मानेची पाटी निघाली. कलावतीबाईंनी प्लग लावला, बटण दाबलं, आणि पीयूषकडून फोनवर ऐकून मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलेल्या कागदाबरहुकूम, जीभ दातात धरून, एकेका पायरीने लिंक उघडली. अकराला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावर एक रंगमंच दिसू लागला. चार म्हातारे त्यांच्यामागे दाटीने उभे राहिले. अकरा वाजून दोन मिनिटांनी दोन वेण्या घातलेली प्रांजली माइकसमोर आली. तिने नमस्कार केला, आणि खोलीभर तिचा आवाज घुमला.

“माझ्या आजोबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं...”

“आवाज येऊन राहिला!” उमाळे ओरडले.

“इंडिकेशन नसताना,” भय्याजी म्हणाले. त्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. चौघांच्याही नजरा कोपऱ्याकडे गेल्या. तिथे घड्याळ होतं, तारीख होती, वाय-फाय होतं. भोंगा नव्हता.

“...ते जिथे काम करायचे तिथे खूप मोठा आवाज असायचा. आजी म्हणते, तिथे लोखंड किंचाळतं...”

“मंग आवाज येते कुठून? डायरेक्ट?”

“बायपास झाला असन.”

“बायपास कोणी केला? लिहा, टाइम लिहा. अकरा तीन.”

“चूप बसा जी!” कलावतीबाई मागे न बघता म्हणाल्या. चौघांनी आवाज कमी केला आणि कुजबुजत बोलू लागले.

“...सगळे म्हणतात आजोबा ऐकत नाहीत. पण आजीने मला सांगितलं, मी फोन केला की ते फोन उजव्या कानाला लावतात. त्यांना वाटतं, मला माहीत नाही...”

“वाढवून पाहिला पाहिजे,” रंगारी कुजबुजले. “चिन्ह नाही तं वाढन कसा?”

“दंदेसाहेब, तुम्हाले ते बटण आठवते नं? परमिट तं आता कोणतंच लागू नाही,” भय्याजी म्हणाले.

शुक्रवारपासून जी चूक दंदेसाहेबांच्या उरावर बसली होती, ती आता एका बोटाने पुसता येणार होती. ते वाकले. माऊस हातात घेतला. पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागावर एक पांढरी खिडकी उघडली आणि प्रांजलीची एक वेणी तिच्यामागे गेली. कलावतीबाईंनी मान डावीकडे कलती केली.

“...म्हणून मी कोणाचं ऐकायला बसले की आधी स्वतःला विचारते, मी कोणता कान लावलाय? आजोबा, तुम्हीपण सांगा. आज तुम्ही कोणता कान लावलाय?”

“आलं!” चौघे एकदम म्हणाले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी, उजव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या शेजारी, एवढासा भोंगा पुन्हा प्रकट झाला. त्याच क्षणी पुण्याच्या सभागृहात टाळ्या झाल्या. चौघांनीही टाळ्या वाजवल्या. उमाळ्यांनी दंदेसाहेबांना मिठी मारली. रंगारींनी मोबाइलवर चिन्हाचा फोटो काढला, मग चिन्हासह चौघांचा काढला. भय्याजींनी शेवटची नोंद केली: ‘काम समाधानकारक. कोणासही इजा नाही.’

कलावतीबाई डोळे पुसत होत्या. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं, तरी पुसत होत्या.

पाहुण्यांचा दुसरा चहा चालू असतानाच पुण्याहून फोन आला. प्रांजलीच होती. ती धापा टाकत होती.

“आजोबा! ऐकलं?”

“हाव बेटा, ऐकलं नं. आवाज एकदम क्लिअर होता.”

“मग उत्तर सांगा नं.”

“काय?”

“मी शेवटी तुम्हाला विचारलं, त्याचं उत्तर. सगळ्यांसमोर विचारलं मी. टीचर म्हणाल्या, घरी जाऊन नक्की विचार आजोबांना.”

दंदेसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पाहिलं ते त्यांच्या हातातल्या फोनकडे. उजव्या बाजूला उमाळे मोठमोठ्याने फोटो दाखवत असल्यामुळे त्यांनी फोन डाव्या कानाला लावला होता.

“शेवटचं बी क्लिअर होतं,” दंदेसाहेब म्हणाले. “काहीच डिस्टर्बन्स नव्हता.”

मग प्रांजली “बरं” म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

समिती गेली. दुपारी दंदेसाहेब बराच वेळ खोलीत येरझारा घालत राहिले आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहिले.

“अवो, काय विचारलं तिनं?”

“मले कावून विचारता?” कलावतीबाई भांडी लावत म्हणाल्या. “मी ऐकलेलं कुठं नोंदलं असते काय? आता आला आहे नं तुमचा भोंगा जागेवर. त्याच्यावर दाबा अन् ऐका.”

ते खरंच जाऊन बसले. भोंग्यावर दाबलं, आवाज शंभरावर नेला. लिंक केव्हाच बंद झाली होती. मोठ्या पडद्यावर काही नव्हतं, आणि ते काही नसलेलं ते उजवा कान पुढे करून ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं होतं, पण त्याची नोंद डायरीत नाही.

आता तुम्ही हसाल, आणि हसावंच. माणूस हसण्यासारखाच वागला. फक्त एक करा. प्रांजली काय बोलली ते वर छापलेलं आहे, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या प्रश्नापर्यंत. वर न बघता तिची निदान चार वाक्यं आठवतात का ते पाहा. भोंगा किती वाजून किती मिनिटांनी परत आला, ते तुमच्या लक्षात असेलच.